उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी

जून २०२० मध्ये टाळेबंदी सैलावली आणि अडीच-तीन महिने सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांच्या किल्ल्या ड्रॉवरमधून बाहेर आल्या. पुणे असो की ठाणे, बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार घडला. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, बॉनेटखाली ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. मग बॅटरीवाल्याला फोन. नव्या बॅटऱ्या बसल्या, जुन्या टेम्पोत चढल्या. त्या जुन्यांपैकी काही खरोखरच संपल्या होत्या. काही मात्र नुसत्या उतरल्या होत्या. रात्रभर चार्जिंगला लावल्या असत्या, तर त्या आणखी बरेच दिवस चालल्या असत्या.

बॅटरी उतरणं म्हणजे तिच्यातला साठा संपणं. बॅटरी मरणं म्हणजे साठवण्याची ताकदच संपणं. पहिल्याला चार्जर हे औषध आहे, दुसऱ्याला औषध नाही. गाडी चालू होत नाही, एवढ्यावरून या दोन्हींतला फरक कळत नाही, आणि बॅटरीवर लटकवलेल्या मीटरवरचा एकच आकडाही तो सांगत नाही. धरणात गाळ भरला की पाण्याची पातळी शंभर टक्के दिसते, पण उन्हाळ्यात पाणी लवकर संपतं. म्हाताऱ्या बॅटरीचंही तसंच असतं. म्हणून घरी बॅटरी तपासायची, तर दोन-तीन चाचण्या ठरावीक क्रमानं कराव्या लागतात. लागणारी साधनं फार नाहीत. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, जमल्यास एक हायड्रोमीटर, आणि चार्जर स्वतःचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातला.

फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी १८५९ मध्ये बनवली. दीडशेहून अधिक वर्षं झाली, पण गाडीच्या बॉनेटखालचा डबा मूळ तत्त्वानं अजून तोच आहे. एका प्लेटेवर शिशाचा ऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसं आणि दोन्ही पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या. असा एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहा सेल ओळीनं जोडले की १२.६ होतात, आपण सोयीसाठी तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो. या २.१ व्होल्टची एक गंमत आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले राजीव आहुजा, फिनलंडचे पेक्का प्यूक्क्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणितानं दाखवून दिलं की, त्यांपैकी सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचं देणं आहे. शिशाचं अणुकेंद्र इतकं जड असतं की त्याच्याजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत दखल घ्यावी इतक्या वेगानं फिरतात, आणि त्यामुळे शिशाचं रसायनच बदलतं. त्याच घराण्यातलं कथील शिशाची जागा घेऊ शकत नाही, ते यामुळेच.

गाडी चालू करण्याचं काम मात्र या बॅटरीकडे बरंच उशिरा आलं. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. त्याआधी पुढून हँडल मारायचं. आपल्याकडे जुन्या जीप आणि ॲम्बेसेडर चालवलेल्या पिढीला ते हँडल अजून आठवत असेल. उलटा झटका बसला तर मनगट जायचं. आज लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ, म्हणजे हाच स्टार्टर, क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. दिवे, हॉर्न आणि रेडिओ मिळूनही याच्या जवळपास जात नाहीत. म्हणून ‘हॉर्न तर वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा युक्तिवाद फसवा ठरतो.

बॅटरी म्हातारी होते ती अनेक अंगांनी. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज करताना ते विरघळतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग ते सहज विरघळत नाहीत. दुसरीकडे धन प्लेटेची शिशाची जाळी हळूहळू गंजत जाते. प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो, आणि तो थर वाढून प्लेटांना टेकला की अख्खा सेल शॉर्ट होतो. या सगळ्याला घाई लावते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा बॅटरी-तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. गंमत अशी की, बॅटरीला उन्हाळ्यात झालेली इजा उघड होते थंडीत. निफाडला पारा एक आकडी होतो, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे ती हात वर करते. दोष थंडीला दिला जातो. आपल्या हवेत गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. तिसरं वर्ष सरलं की वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, ती तपासावी.

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी होते. डबा फुगलेला आहे का, कडेला ओल आहे का, कुजक्या अंड्याचा वास येतो का? फुगवटा आणि वास ही दोन्ही जास्त चार्जिंगची किंवा आतून बिघडल्याची लक्षणं आहेत. अशा बॅटरीवर प्रयोग करायचे नाहीत, ती सरळ दुकानात न्यायची. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट-निळा खार जमला असेल तर मात्र घाबरण्याचं कारण नाही; हिरवट-निळा रंग तांब्याच्या क्षाराचा. आधी ऋण म्हणजे मायनसचा क्लॅम्प काढायचा, मग धन. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासायचं, पुसून कोरडं करायचं, क्लॅम्प घट्ट आवळायचे आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. जोडताना क्रम उलटा: आधी धन, शेवटी ऋण. नव्या गाड्यांत बॅटरी सुटली की घड्याळ, रेडिओ आणि काही वेळा काचांची स्वयंचलित उघडझाप पुन्हा जुळवावी लागते. तेवढी तयारी ठेवावी. ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर सुरू होतात, हे कुठलाही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. सगळेच ते गिऱ्हाइकाला सांगतात असं नाही.

एक खबरदारी आधीच सांगायला हवी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. काडी, विडी, उदबत्ती काहीही जवळ नको. ‘आत पाणी किती आहे’ हे बघायला काडी पेटवून वाकणारे लोक पूर्वी होते आणि त्यातून डोळे गेलेलेही. बॅटरीवर वाकताना चष्मा किंवा गॉगल असावा, हातात अंगठी-कडं नसावं, आणि ॲसिड उडालंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवावं.

आता मीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी, किल्ली फिरवण्याआधी, बॉनेट उघडून मोजायचं. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर प्लेटांच्या वरच्या थरात तात्पुरता चार्ज असतो आणि आकडा फुगलेला दिसतो. तेवढी वाट पाहण्याची सोय नसेल, तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करावेत आणि थोडं थांबून मोजावं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक धनाला, काळं ऋणाला लावायचं. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.९ च्या खाली जवळपास रिकामी. एका व्होल्टपेक्षा कमी अंतरात सगळा हिशेब बसतो, म्हणून दशांशाला महत्त्व. स्टार्ट-स्टॉप गाड्यांत येणाऱ्या एजीएम बॅटरीचा पूर्ण भरलेला आकडा किंचित वर, १२.८ च्या आसपास असतो.

हा आकडा कमी आला, म्हणून बॅटरी नापास झाली असं मुळीच नाही. आधी ती पूर्ण चार्ज करायची, मग तिचा निकाल लावायचा. लहान गाड्यांत सहसा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तिला क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे साडेतीन अँपिअरचा करंट दहा-बारा तास दिला की पुरे. झटपट चार्जिंगच्या मोहात पडू नये. चार्जर काढल्यावर क्लॅम्प न जोडता ती दिवसभर तशीच ठेवायची आणि पुन्हा मोजायचं. १२.६ च्या आसपास टिकली तर पुढच्या परीक्षेला बसायला ती पात्र आहे. आकडा आपोआप १२.४ च्याही खाली घसरला, तर आतून गळती आहे. आणि रात्रभर चार्ज करूनही तो साडेदहावरच अडला असेल, तर गणित सोपं आहे: १२.६ मधून २.१ वजा केले की १०.५ उरतात. म्हणजे एक सेल शॉर्ट झालेला आहे. यावर इलाज नाही, बॅटरी बदलायची.

पाणी भरण्याची झाकणं असलेली बॅटरी असेल, तर हायड्रोमीटर यापुढची गोष्ट सांगतो. काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते वाचायचं; तो आकडा ॲसिडच्या घनतेचा. दुकानदार याला ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात आणि १.२५० ला ‘बाराशे पन्नास’. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२४० ते १.२८० च्या दरम्यान येते. उष्ण हवेसाठीच्या बॅटऱ्यांत ॲसिड जरा पातळ ठेवतात, म्हणून फरक. या आकड्यात ०.८४ मिळवले की त्या सेलचा व्होल्टेज निघतो: १.२५० अधिक ०.८४ म्हणजे २.०९, आणि सहानं गुणलं की १२.५४. दोन वेगळी साधनं, एकमेकांचा ताळा. पण खरी माहिती सहा सेलांच्या तुलनेत आहे. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एकच १.१८०, तर तो सेल आजारी आहे. ०.०५० पेक्षा जास्त फरक म्हणजे दिवस भरत आल्याची खूण. सगळेच सेल सारखे कमी असतील, तर ती फक्त उतरलेली असू शकते. पाणी नुकतंच टाकलं असेल तर मात्र लगेच मोजू नये. वर पाणी आणि खाली ॲसिड अशी थरांची बॅटरी खोटं बोलते. आणि पाणी म्हणजे डिस्टिल्डच. नळाचं नाही, बिसलेरीचं नाही, आणि वरून ॲसिड तर कधीच नाही. बॅटरीतलं उडून जातं ते पाणी, ॲसिड नव्हे.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीवर हिरवा ठिपका दाखवणारा ‘डोळा’ असतो. तो म्हणजे आत बसवलेला छोटा हायड्रोमीटरच. मात्र तो सहापैकी एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांपैकी एखादा मेला तरी ठिपका हिरवागार राहू शकतो. हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होणारे लोक पुष्कळ आहेत, आणि रस्त्यात अडकणारेही.

इथपर्यंत साठा कळला. ताकद कळायला ओझं टाकावं लागतं, आणि घरातलं सर्वांत मोठं ओझं म्हणजे खुद्द सेल्फ. एकानं मीटरची टोकं थेट बॅटरीच्या खांबांवर धरायची (क्लॅम्पवर नाही), दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. आकडा क्षणात खाली जाऊन वर येतो. मीटरला ‘मिन’ बटण असेल तर ते दाबावं, नाहीतर मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश बघावं. भरलेली, धडधाकट बॅटरी साधारण दहा व्होल्टच्या वर राहते. उबदार दिवसात, पूर्ण चार्ज असताना ती ९.६ च्या खाली जात असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. दुकानातल्या भार-चाचणीतही हाच ९.६ चा उंबरठा वापरतात.

याच चाचणीतून निघणारी दुसरी माहिती जास्त मोलाची आहे, कारण ती पैसे वाचवते. किल्ली फिरवली, सेल्फ फिरला नाही, आणि मीटर मात्र १२.४ वरून हललाच नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. तिच्याकडे कुणी वीज मागितलीच नाही. दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर ठेवून किल्ली फिरवली आणि अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर वीज त्या सांध्यातच अडते आहे. तो साफ केला की काम झालं.

अगदीच शंका उरली तर क्षमता मोजायची एक सावकाश पद्धत आहे. ३५ अँपिअर-अवर याचा अर्थ असा की, वीस तास १.७५ अँपिअर देत राहिल्यावर व्होल्टेज १०.५ वर येतो. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर जवळपास तेवढाच करंट ओढतो. पूर्ण भरलेल्या, गाडीपासून सोडवलेल्या बॅटरीला तो जोडायचा आणि मीटरवर १०.५ कधी येतात ते बघायचं. बारा तासांत आले, तर क्षमता साठ टक्के उरली. चाचणी संपताच बॅटरी लगेच पूर्ण चार्ज करायची. ही चाचणी निर्विवाद आहे, पण स्टार्टरच्या बॅटरीला इतकं रिकामं करणं मानवत नाही, त्यामुळे हौस म्हणून दर महिन्याला करण्याची ही गोष्ट नव्हे.

दुकानात हल्ली हातात मावणारं यंत्र लावून, बॅटरीवर भार न टाकता, तिची ‘हेल्थ’ टक्क्यांत छापून देतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले कीथ चॅम्प्लिन यांनी १९७५ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेतून हे तंत्र आलं. बॅटरीतून वीज किती सहज वाहू शकते ते यंत्र मोजतं आणि त्यावरून सीसीएचा अंदाज बांधतं. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांवर बॅटरी तीस सेकंद ७.२ व्होल्टच्या खाली न जाता किती अँपिअर देईल, तो आकडा. महाराष्ट्रात उणे १८ कुठेच होत नाही, पण तुलनेला आकडा उपयोगी आहे. अडचण अशी की, सीसीए सगळ्याच बॅटऱ्यांवर छापलेला नसतो, आणि यंत्रात चुकीचा आकडा भरला तर टक्केवारीही चुकीचीच निघते. तेव्हा ती चिठ्ठी हातात देणाऱ्यानं यंत्रात काय भरलं, हे विचारायला संकोच करू नये.

बॅटरी पास झाली आणि तरी चार दिवसांनी उतरली, तर गुन्हेगार दुसरा आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, की बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. तेरापेक्षा कमी म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करत नाही, पंधराच्या वर म्हणजे तो बॅटरी उकळतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक इंधन वाचवण्यासाठी हा व्होल्टेज मुद्दाम वर-खाली करतो, म्हणून तिथे एका वाचनावर विसंबू नये.

नाहीतर मग गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक आणि संगणक यांना थोडी वीज लागते. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि महिन्याला ३६. पस्तीसची बॅटरी! टाळेबंदीतल्या गाड्यांचं कोडं या एका गुणाकारात सुटतं. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा चुकीच्या वायरला जोडलेली म्युझिक सिस्टीम हे आकडे सहज दुप्पट-तिप्पट करतात. गळती मोजायला ऋण क्लॅम्प काढून मध्ये मीटर, १० अँपिअरच्या खाचेत, जोडतात आणि गाडीचे संगणक झोपेपर्यंत अर्धा तास थांबतात. मीटर जोडलेला असताना किल्ली मात्र फिरवायची नाही, नाहीतर त्याचा फ्यूज उडेल. महिनाभर परगावी जायचं असेल तर ऋण क्लॅम्प काढून ठेवावा, पण दारं आणि डिकी कशी उघडतात हे आधी बघून.

आणि बॅटरी उतरणं विजेवर चालणाऱ्या गाड्यांनाही चुकलेलं नाही. त्यांच्यातही मोठ्या बॅटरीच्या जोडीला बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली की पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी जागी होत नाही.

निकाल विरोधात गेला तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यातलं शिसं जवळजवळ सगळं पुन्हा वापरता येतं, पण उघड्यावर डबे फोडून ते वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या आसपासची मुलं शिशाच्या विषबाधेला बळी पडतात. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानदार जुन्या बॅटरीची किंमत नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करून देतात. नवी घेताना पैसे देण्याआधी तिच्यावरची उत्पादनाची तारीख बघावी आणि काउंटरवरच मीटर लावायला सांगावं. सहा महिन्यांपेक्षा जुनी असली किंवा १२.४ पेक्षा कमी दाखवत असली, तर दुसरी मागावी.